मदत हवी आहे: सिल्व्हर बॉनेट घरीच रंगवायचंय, कमी खर्चात

हॅचबॅकचं बॉनेट आहे, सिल्व्हर मेटॅलिक. मधल्या भागात क्लिअर कोटचे (रंगावरच्या पारदर्शक थराचे) पापुद्रे सुटलेत. पुढच्या कडेला दोन जागी टवके उडून पत्रा उघडा पडलाय, गंज वरवरचा आहे. जवळ २ एचपी, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आणि १.४ नोझलची गन आहे. पापुद्रे सुटलेत तेवढ्यावरच नवं क्लिअर मारलं तर चालेल का? आणि हा कॉम्प्रेसर पुरेल का?

प्रतिसाद १

तेवढ्यावर मारू नका. जुन्या क्लिअरची कड खालून सुटत जाते आणि नवं क्लिअरही तिच्याबरोबर उचकटतं. पूर्ण बॉनेट घ्या.

सुटलेलं क्लिअर १८० च्या पॉलिश पेपरने (आकडा लहान तितका खरखरीत) काढा, घट्ट धरलेला थर लागेपर्यंत. मग ३२० ने कड उतरती करा. डोळे मिटून नख फिरवा. नखाला पायरी लागली तर ती रंगानंतर हमखास दिसणार. गंज ८० ने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका.

खड्डा असेल तरच पुट्टी. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर. लवकर सुकावी म्हणून जास्त घातलात तर त्यातलं पेरॉक्साइड वर येतं आणि रंगावर पिवळट डाग पडतो. पुट्टी कोरडीच घासा, ती पाणी पिते आणि पुढे तिथेच फुगे येतात.

सर्फेसरचे (खाचा भरणारं, घासता येणारं अस्तर) २-३ हात (थर) झाले की वरून काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा द्या. मग ४००, ६०० आणि शेवटी ८०० चा वॉटर पेपर, तोही रबरी ब्लॉकला गुंडाळून. जिथे काळं उरतं तिथे खोलगट आहे. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या पन्हळी पडतात आणि सिल्व्हरमध्ये त्या उन्हात उठून दिसतात. कडांवर आधी मास्किंग टेप लावा, तिथला रंग पहिल्यांदा उडतो.

प्रतिसाद २

कॉम्प्रेसरचं उत्तर गनवर अवलंबून आहे. गनला किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते ते तिच्या माहितीपत्रकात बघा. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला बऱ्याचदा १० किंवा जास्त लागते, तुमचा तिथे दमेल. एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन ४ ते ६ वर चालते, ती घ्या. हवा कमी पडली की थेंब जाड होतात आणि सिल्व्हरवर काळपट ढग उमटतात. प्रेशर ट्रिगर दाबून ठेवूनच लावा. ट्रिगर सोडलेला असताना काटा जास्त दाखवतो. वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका. तिथे हवा गरम असते, वाफ पाइपात पुढे जाऊन पाणी होते. लांब पाइपानंतर, गनच्या बाजूला लावा.

रंगाआधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, दोन फडकी: एकाने ओलं पुसायचं, सुकायच्या आत दुसऱ्याने कोरडं. सिलिकॉनवालं पॉलिश राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो.

गन १५-२० सेंमीवर, पत्र्याला काटकोनात; मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. रंगाच्या दोन थरांमध्ये १०-१५ मिनिटं थांबा, पृष्ठभाग मॅट होईपर्यंत. शेवटचा थर २५-३० सेंमीवरून हलका, आडवा-उभा: मेटॅलिकचे कण सारखे बसतात आणि पट्टे मिटतात. त्यानंतर बेसला (क्लिअरखालच्या सिल्व्हर रंगाला) पेपर लावायचा नाही, कण कापले जातात आणि डाग क्लिअरखाली कायमचा राहतो. आधी भंगारातल्या दारावर सराव करा, तेही उभं ठेवून. ओघळ उभ्यावरच कळतात.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. क्लिअर टू-के (हार्डनर मिसळायचं) घेतोय. शेडचं दार उघडं ठेवून साधा मास्क लावला तर भागेल?

प्रतिसाद ३

नाही. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास धोक्याची सूचना देत नाही, एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे अगदी थोड्यानेही दम्याचा झटका येतो. कापडी किंवा धुळीच्या मास्कने ते अडत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, शिवाय हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे. सर्फेसर टू-के असेल तर त्यालाही हेच लागू. एवढी सोय बजेटमध्ये बसत नसेल तर घरी वन-के (हार्डनर न लागणारं) सर्फेसर मारून ८०० पर्यंत घासा, बॉनेट उतरवा आणि बेस-क्लिअर पेंट बूथ असलेल्या गॅरेजकडून मारून घ्या. मजुरीचा मोठा वाटा घासण्यातच असतो, तो तुमचा वाचला. उतरवण्याआधी बिजागरीभोवती मार्करने खूण करा, नाहीतर परत बसवताना फटी जुळत नाहीत.

वन-के क्लिअर घरी मारता येतं, पण पेट्रोल सांडलं की मऊ पडतं. त्यालाही सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतोच. दमट दिवशी वन-के मारू नका, पांढरट धुकं येतं. शेडमध्ये साधा घरगुती पंखा एक्झॉस्ट म्हणून लावू नका, मोटरच्या ठिणगीने थिनरची वाफ पेटते. ओघळ आला तर ओला असताना हात लावू नका. पूर्ण कडक झाल्यावर छोट्या ब्लॉकवर १५०० ने फक्त ओघळाचा उंचवटा उतरवा, मग २०००, ३००० आणि कंपाउंड (चमक आणणारी पॉलिशची पेस्ट).