आवाज मधेच कमी होतो? ड्रायव्हरच्या आधी हे बघा

कॉम्प्युटरवर गाणं ऐकताना आवाज मधेच कमी होतो, या प्रश्नावर एकाने साउंड ड्रायव्हर (आवाजाचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाका असं सुचवलंय, आवाज अजिबातच येत नसेल तर ते ठीक आहे, पण इथे तक्रार वेगळी आहे ना, गाणं चालू असताना मधेच आवाज एकदम बारीक होतो आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होतो. ड्रायव्हर बिघडला तर सहसा असं मधेच कमी होऊन आपोआप ठीक होत नाही. विंडोजमध्ये एक सोय आहे, कॉल सुरू झालाय असं सिस्टिमला वाटलं की बाकी सगळे आवाज ८० टक्क्यांनी कमी होतात, आणि मुळात सेटिंग तसंच असतं. माझ्याकडे अगदी हेच होत होतं, खालच्या पट्टीवरचा आवाजाचा स्लायडर १०० वर आणि गाणं मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखं, दोन दिवस स्पीकरच्या वायरी हलवत बसलो आणि शेवटी बघतो तर ब्राउझरच्या एका टॅबमध्ये मीटिंग उघडीच राहिलेली!

साउंड सेटिंग्जमध्ये खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे (जुन्या व्हर्जनला कंट्रोल पॅनेलमधून साउंड), त्यात शेवटचा टॅब कम्युनिकेशन्सचा, तिथे 'डू नथिंग' निवडून ओके करा, झालं. आणि हो, व्हॉल्यूम मिक्सरही एकदा उघडाच, तिथे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा असतो, कधीतरी एखाद्याचा खाली ओढलेला असला तर तो तसाच राहतो आणि मेन स्लायडर कितीही वर नेला तरी तेवढा प्रोग्रॅम हळूच वाजतो.