वरच्या घरात मारहाण चालते. सोसायटी म्हणून काय करावं?

तिसरामजला:

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षापूर्वी एक कुटुंब राहायला आलं. नवरा, बायको, पाच-सहा वर्षांचा मुलगा. रात्री साडेदहानंतर आधी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मग त्याचा चढलेला स्वर, मग काहीतरी आपटतं. त्यानंतर एकदम शांत होतं, आणि त्या शांततेत मला झोप लागत नाही. गेल्या महिन्यात तिच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "बाथरूममध्ये घसरले." मुलगा पूर्वी लिफ्टमध्ये बडबड करायचा, आता आईच्या ओढणीचं टोक धरून उभा असतो.

मी सोसायटीची सचिव आहे. परवा कमिटीत विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, दोघांना ऑफिसात बोलावू, मी वडीलकीच्या नात्याने समजावतो. खजिनदार म्हणाले, नुसती आवाजाची नोटीस काढा, म्हणजे आपण कशात अडकणार नाही. आणखी एकांचं म्हणणं, पुरावा नसताना बोललात तर तो बदनामीचा दावा ठोकेल. रविवारी बैठक ठरते आहे आणि मला आतून ते बरोबर वाटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. पोलिसांत गेले आणि तीच "असं काही नाही" म्हणाली तर?

एकदा वरून आवाज आला तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवला होता. हेही इथे लिहून टाकते.

---

आपणबरे:

स्पष्ट सांगतो, पडू नका. आमच्या मजल्यावर असंच होतं. मी पोलिसांना फोन केला, ते आले, आणि बाई दारात उभी राहून म्हणाली, "काही झालं नाही, शेजाऱ्यांना सवयच आहे." दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी भांडायला लागला आणि ती मान फिरवून जायला लागली. दोघं एक झाले, वाईट मी. नवराबायकोत तिसऱ्याने जाऊ नये.

---

निळीफाईल:

तिसरामजला ताई, ती बैठक आधी थांबवा. माझं बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

माझ्यासाठी अशीच एक बैठक झाली होती. सोसायटीचं ऑफिस, प्लास्टिकच्या सात खुर्च्या, आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर. "बोला ताई, मोकळेपणाने बोला." त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला, आणि मी मोकळेपणाने बोलायचं! "आमचं मिटलंय," म्हणाले. त्याने उठून सगळ्यांना नमस्कार केला. घरी आल्यावर दाराला कडी घातली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कुणाला सांगितलंस?" पुढचे चार महिने माझा मोबाइल त्याच्या खिशात होता. कमिटीच्या इतिवृत्तात "प्रकरण सामोपचाराने मिटले" अशी नोंद आहे. पुढे मी ते पान मुद्दाम मागून वाचलं.

ती माणसं वाईट नव्हती. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला समोरासमोर बसवलं की न्याय होतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मला सोडवलं समोरच्या काकूंनी, आणि त्यांनी कधीच कुणाला समजावलं नाही. आमच्याकडे आवाज वाढला की त्या बेल वाजवायच्या. "तुमच्याकडे पाणी आलंय का हो?" रात्री अकरा वाजता! त्यालाही सगळं कळत होतं. पण बेल वाजली की दार उघडावं लागतं, चेहरा नीट करावा लागतो, दोन वाक्यं सरळ बोलावी लागतात. तेवढ्यात हात खाली येतो. २००८ मध्ये ब्रेकथ्रू या संस्थेने 'बेल बजाओ' मोहीम काढली होती, तिचा गाभा हाच. काकूंना ती मोहीम ठाऊक होती की नुसतीच हिंमत होती, हे विचारायचं राहून गेलं. तुम्ही बेल वाजवणार असाल तर एकट्या जाऊ नका, वादाचा विषय काढू नका आणि आत पाऊल टाकू नका. जिवावर बेतेल असं वाटलं तर बेलबिल सोडा, थेट ११२ ला, पोलिसांना फोन.

एकदा लिफ्ट बंद होती, तेव्हा जिन्यात काकूंनी मला गाठलं. एवढंच म्हणाल्या, "मला ऐकू येतं सगळं. तुझी चूक नाही यात. काही लागलं तर माझं दार आहे." मी म्हटलं, "काकू, तुमचा गैरसमज झालाय." त्या "बरं" म्हणाल्या आणि पिशवी उचलून वर गेल्या. त्यानंतर आठ महिन्यांनी मी त्यांचं दार वाजवलं. मधल्या काळात "अजून कशी राहतेस गं त्याच्याबरोबर?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. आईने विचारलं होतं, बहिणीने विचारलं होतं, आणि त्या दोघींशी बोलणं मी हळूहळू बंद केलं होतं.

मग निळी फाईल झाली. ती काकूंच्या कपाटात, त्यांच्या लाइट बिलांच्या खाली असायची. माझं आधार, गुणपत्रिका, मुलीचा जन्मदाखला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, दवाखान्याचे कागद, दागिन्यांच्या पावत्या, सगळ्याच्या झेरॉक्स. रोज एक-दोन कागद नेले, एकदम नाही. जखमांचे फोटो काकूंच्या फोनवर, माझ्या नाही. "प्लंबरचा नंबर द्या" असा मेसेज आला तर पोलिसांना फोन करायचा, हे आमचं ठरलेलं होतं.

दवाखान्याचं सांगायलाच हवं. पहिल्या वेळी तो शेजारी उभा होता, मी "घसरले" म्हटलं, डॉक्टरांनी तेच लिहिलं. दुसऱ्या वेळी सिस्टरने त्याला केस पेपर काढायला पाठवलं आणि पडदा ओढून विचारलं, "घरी कुणी मारतं का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सरळ कुणी विचारलाच नव्हता. मुंबईत २००० साली सेहत संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते याचसाठी. अशा बायका पोलिसांकडे जायच्या कितीतरी आधी दवाखान्यात येऊन गेलेल्या असतात.

आणि एक. त्याने कधी गळा दाबला होता का, हे तिच्याकडून कळलं तर ते फार गंभीरपणे घ्या. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की, ज्या बाईचा आधी गळा दाबला गेला आहे तिचा पुढे खून होण्याचा धोका साधारण सात पटींनी जास्त असतो. गळ्यावर खूण नसली तरी. घर सोडायचा दिवसही तितकाच धोक्याचा असतो, म्हणून ती कधी, कुठे जाणार हे सोसायटीत चर्चेला येता कामा नये.

आपणबरे, तुमच्या शेजारणीबद्दल. पोलीस दहा मिनिटांनी जातात. त्यानंतरची रात्र तिला त्याच्याबरोबरच काढायची होती. तुम्हाला खोटं पाडणं हा त्या रात्री वाचायचा तिचा मार्ग होता. तुमचा फोन फुकट गेला, असं मी तरी म्हणणार नाही. माझ्याही दारात एकदा पोलीस आले होते आणि मीही तेच वाक्य बोलले होते.

---

दिवाणीफौजदारी:

वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं.

'अडकण्याची' भीती आधी काढून टाका. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे, हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होऊ शकते असं वाटण्याला कारण असलेली कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, माहिती देऊ शकते. शेजारी, शिक्षिका, वॉचमन, कोणीही. माहिती सद्हेतूने दिली असेल तर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. खजिनदारांना एवढं वाचून दाखवा.

आवाजाची नोटीस मात्र काढू नका. ती त्या घराच्या नावाने जाईल आणि नोटिशीचा राग त्या बाईवर निघेल. शिवाय उद्या त्याचा वकील तोच कागद दाखवून म्हणेल, बघा, सोसायटीची तक्रार फक्त आवाजाची होती.

पोलीस ठाण्यात बरेचदा 'एनसी' लिहून घरी पाठवतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. पण पुढे कोर्टात तारखेनिशी उपयोगी पडते, तेव्हा तिची प्रत घ्यावीच. क्रूरतेची तक्रार, जिला सगळे ४९८-अ म्हणतात, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली होते. मात्र २००५ च्या कायद्याखाली दाद मागायला एफआयआर लागतोच असं नाही. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतात आणि तिच्या वतीने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज जाऊ शकतो. वकील मोफत मिळतो, तो विधी सेवा प्राधिकरणाकडून.

बायकांना सगळ्यात मोठी भीती असते, "घर त्याच्या नावावर आहे." कलम १७ म्हणतं की सामायिक घरात राहायचा तिला हक्क आहे, मालकी कुणाचीही असो. अंतरिम आदेश कलम २३ खाली, प्रसंगी त्याचं म्हणणं ऐकण्याआधीही मिळू शकतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायद्यात लिहिलंय. हे ६० दिवस कायद्यातच राहतात. तिला खोटी आशा दाखवू नका, नाहीतर तिसऱ्या तारखेला ती खचते.

वडीलकीच्या समजावणीबद्दल इतकंच सांगते की, या कायद्याच्या नियमांत समुपदेशन आहे, पण तिथे मारणाऱ्याला "ती अशी वागली म्हणून" हे कारण पुढे करताच येत नाही आणि ते त्याला आधीच सांगायचं असतं. तुमच्या अध्यक्षांची पहिली दहा मिनिटं याच कारणांत जातील, पैज लावते.

तिला देण्याजोगा नंबर १८१, महिला हेल्पलाइन. जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अशा बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र, शोधून ठेवा. पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष असतो, तिथे खाकीतल्या नव्हे तर सामाजिक कार्यकर्त्या भेटतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये हे काम सुरू केलं. नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका. तोंडी सांगा, १८१ लक्षात राहतो.

---

शनिवारचागट:

आम्ही काही पुरुष दर शनिवारी तरुण मुलांशी बोलतो, म्हणून त्याच्या बाजूने, म्हणजे त्याच्याबद्दल.

"दारू प्यायला की हात उचलतो" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. प्यायलेला असताना तो साहेबावर हात उचलत नाही, वॉचमनवर नाही, तोल जाऊन चढतो त्या रिक्षावाल्यावरही नाही. कुणावर उचलायचा हे त्याला नीट कळतं.

१९९१ मध्ये मुंबईत एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. बायको ही मारायची वस्तू नाही असं मानणारे पुरुष हवेत, अशी. दोनशेहून अधिक जणांनी उत्तर दिलं आणि त्यातून १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. सांगायचं कारण, तुमच्या बिल्डिंगमध्येही असे चार जण असणार, फक्त आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यांनी त्याला जाब विचारायला जायचं नाहीये. पार्किंगमध्ये "बायकोला मुठीत ठेवावंच लागतं" असं कुणी बोललं की हसायचं नाही, एवढ्यापासून सुरुवात. युगांडात कंपाला इथे 'सासा' नावाच्या उपक्रमात वस्तीतल्याच माणसांनी अशी साधी बोलणी वर्षानुवर्षं चालू ठेवली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी मारहाण इतर वस्त्यांच्या तुलनेत ५२ टक्के कमी आढळली. पण त्याला वर्षं लागली. तुमच्या वरच्या मजल्याला तेवढा वेळ नाही, तिथे निळीफाईल म्हणतात तेच करा.

---

आपणबरे:

निळीफाईल, ती दारात उभी होती तेव्हा तो तिच्या मागेच होता. हे मला आज आठवलं.

---

तिसरामजला:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

बैठक रद्द करून घेतली. अध्यक्ष दोन दिवस रुसले, मग कलम ४ स्वतः वाचलं. नोटीस काढली नाही. त्याऐवजी लिफ्टशेजारच्या फलकावर १८१, ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर लागले आहेत, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि गॅसवाल्याच्या नंबरांमध्ये, म्हणजे कुणी वाचत थांबलं तरी काय वाचतंय ते कळू नये. वॉचमनला सांगून ठेवलंय की ती रात्री खाली आली तर काही न विचारता मला फोन करायचा.

दुसऱ्या शुक्रवारी आवाज सुरू झाला. मी आणि शेजारच्या वहिनी वर गेलो, बेल वाजवली. त्याने दार उघडलं. माझ्या तोंडून निघालं, "आमचा इंटरकॉम बंद पडलाय, तुमचा चालू आहे का?" तो म्हणाला, "चालू आहे." मागे ती भिंतीला टेकून उभी होती. त्या रात्री पुढे आवाज आला नाही. आम्ही दोघी साडेबारापर्यंत जिन्यात बसून होतो, वहिनींचे हात थरथरत होते, माझेही.

मंगळवारी ती गच्चीच्या जिन्यात एकटी भेटली. पाठ केलेली वाक्यं मी उलटसुलट बोलले, "माझं दार आहे" हे आधी आणि "तुझी चूक नाही" हे नंतर. ती म्हणाली, "काकू, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." मी "बरं" म्हटलं. इतकं कठीण असतं ते, निळीफाईल, तुम्ही सांगितलं नव्हतंत.

काल दुपारी बेल वाजली. तिचा मुलगा एकटाच दारात उभा होता. म्हणाला, "आईने विचारलंय, तुमचा इंटरकॉम चालू झाला का?"