शब्दचर्चा : यंत्र 'विचार करतं', 'विचारतं' की नुसतं 'बोलतं'?

परवा भाचीला फोनवरच्या त्या गप्पा मारणाऱ्या मदतनिसाला काहीतरी विचारायला सांगितलं. पडद्यावर तीन ठिपके लुकलुकायला लागले. मी घाई केली तशी ती म्हणाली, "थांब ना गं मावशी, तो विचार करतोय." मुद्रितशोधन हे माझं काम, त्यामुळे क्रियापद कानात अडकलं. तिने ते सहज वापरलं होतं, गमतीने नाही.

संगणकशास्त्राचा पाया घालणारे ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकातल्या लेखाची सुरुवातच 'यंत्रं विचार करू शकतात का?' या प्रश्नाने केली. पुढे मात्र हा प्रश्न चर्चेच्या लायकीचाच नाही, इतका निरर्थक आहे, असं त्यांनी लिहिलं. त्याऐवजी त्यांनी एक खेळ सुचवला: परीक्षकाने न दिसणाऱ्या दोघांना लेखी प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून माणूस कोण, यंत्र कोण ते ओळखायचं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच लेखातलं एक भाकीत मात्र क्वचितच कोणी सांगतं. विसावं शतक संपेपर्यंत शब्दांचा वापर आणि सुशिक्षितांचं मत इतकं बदललेलं असेल, की यंत्रं विचार करतात असं म्हटलं तर कोणी हरकत घेणार नाही, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे यंत्राइतकंच ते भाषेबद्दलही भाकीत करत होते! भाचीच्या तोंडी ते खरं झालेलं दिसतं, थोडं उशिरा.

आता मराठीकडे. 'विचार' हा वि + चर् पासून आला, हिंडण्याफिरण्याच्या धातूतून. 'विचार करणे' म्हणजे चिंतन, पण 'विचारणे' म्हणजे प्रश्न करणे. 'विचारी माणूस' वेगळा आणि 'विचारणारा माणूस' वेगळा. हे दोन अर्थ तुमच्याकडे कसे वापरले जातात?

प्रतिसाद

मी बडोद्यात वाढलो. घरात मराठी, गल्लीत गुजराती. गुजरातीत 'विचारवुं' म्हणजे विचार करणं आणि प्रश्न करायला 'पूछवुं'. लहानपणी शेजारच्या काकांनी मला काहीतरी विचारलं आणि म्हणाले, "विचारीने कहेजे." ते सांगत होते, विचार करून सांग. मी पळत घरी गेलो आणि आईला विचारून आलो.

प्रतिसाद

आमच्या आजीच्या बोलण्यात 'पुसणे' होतं. "त्याले पुस" म्हणायची. 'विचारपूस' या शब्दात विचारणं आणि पुसणं दोन्ही आलं, तरी त्याचा अर्थ नुसता प्रश्न असा होत नाही. त्यात आस्था लागते. यंत्र प्रश्न विचारील, विचारपूस कशी करणार?

प्रतिसाद

इतका काथ्याकूट कशाला? मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: पोपटपंची.

मूळ लेखिका

बडोद्याच्या दादांचा किस्सा फार आवडला. माझी शंका त्यात आख्खी आली.

विचारपुशीबद्दल. १९६६ साली संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत 'एलायझा' नावाचा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञासारखा तो बोलणाऱ्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'माझं'चं 'तुमचं' करायचा आणि वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. आईचा उल्लेख आला की घरच्यांबद्दल सांगा म्हणायचा. समजत काहीच नव्हतं. तरी वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने, हे सारं ठाऊक असूनही, त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. म्हणजे यंत्र विचार न करता 'विचारत' होतं, आणि आस्था समोरचं माणूस आपल्या पदरची घालत होतं. आपली दोन क्रियापदं इथे स्वच्छ वेगळी होतात.

'पोपटपंची' मला अपुरा वाटतो. तो पाठ केलेलं न समजता म्हणण्यासाठी आहे. आजची भाषा-प्रारूपं, म्हणजे भाचीच्या फोनमधल्या तशा मदतनिसांमागचे संगणक-कार्यक्रम, प्रचंड मजकुरावर तयार होतात आणि पुढे कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे मोजत वाक्य रचतात. त्यातून कुठेच न लिहिलेली वाक्यंही निघतात. पोपट तसं करत नाही.

मला वाटतं खरी रेघ 'बोलणे' आणि 'म्हणणे' यांच्यात आहे. 'तुझं बोलणं' म्हणजे उच्चार, ढब, शब्द. 'तुझं म्हणणं' म्हणजे जे तू नंतरही धरून राहशील, ज्यासाठी भांडशील. एलायझाचं नाव शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीवरून ठेवलं होतं. तीच आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'त मंजुळा झाली. प्रोफेसर तिला शुद्ध बोलायला शिकवतो, पण तिचं म्हणणं तिचंच असतं. शिकवणीच्या आधीपासूनचं, आणि त्याच्याच विरोधातलं. यंत्राला दुसऱ्या दिवशी उलट प्रश्न टाका, तितक्याच ठामपणे ते उलट बोलू शकतं. त्याला बोलणं येतं, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

सध्या टेबलावर असलेल्या मुद्रितात एक वाक्य आहे: 'याबाबत चॅटबॉटचे म्हणणे असे की…' मी समासात 'चॅटबॉटने दिलेले उत्तर असे' लिहून ठेवलंय. त्याच पानावर खाली 'यंत्र विचार करते' आहे. त्याला अजून हात लावलेला नाही. तुम्ही काय केलं असतं?