फुलं वाहणं बावीस प्रतिज्ञांशी विसंगत नाही

जय भीम ताई. तुम्ही विचारलंत की, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या, हिंदू देवदेवतांची पूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा मानायच्या आणि घरात बुद्धमूर्तीपुढे फुलं, मेणबत्ती, अगरबत्तीही ठेवायची, हे कसं जुळतं? माझ्या मते पूर्ण जुळतं. आपण तिथे काही मागत नाही, नवस बोलत नाही.

फुलं वाहताना म्हणायची गाथाच नीट वाचा: 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.' हे फूल जसं कोमेजतं, तसंच माझं शरीरही नाश पावणार आहे. म्हणून आमच्याकडे सकाळचा मोगरा संध्याकाळपर्यंत तसाच ठेवतात. कडा तपकिरी होतात, पाकळ्या पांढऱ्या कापडावर गळतात आणि मुलं ते रोज बघतात. अनित्यता यापेक्षा सोप्या रीतीने कशी शिकवणार? प्लास्टिकची फुलं मात्र कृपा करून ठेवू नका, गाथेचा अर्थच निघून जातो.

मेणबत्ती, अगरबत्ती, मग त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं म्हणणं), एवढं रोज पुरे. खीर बुद्ध पौर्णिमेला, बुद्धांना ज्ञानप्राप्तीपूर्वी खीर देणाऱ्या सुजाताच्या आठवणीने, आणि ती आम्ही शेजारीपाजारी वाटतो.

वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वंदनेनंतर बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातली दोन पानं मोठ्याने वाचा. वाचायला घरातल्या सगळ्यात लहान मुलाला बसवा. अडखळला तरी मध्येच सुधारू नका.