भाड्याच्या घराची पार्किंगची जागा आणि खासगी कंपनीच्या दोन नोटिसा (इंग्लंड)

नवखा भाडेकरू

नमस्कार. आम्ही दीड वर्षापासून इंग्लंडमध्ये एका सदनिकेत भाड्याने राहतो. भाडेकरारात सदनिकेच्या क्रमांकाबरोबर ‘पार्किंगची जागा क्रमांक १४’ असा स्पष्ट उल्लेख आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा परमिट नावाचा प्रकारच नव्हता. चार महिन्यांपूर्वी इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटने एका खासगी पार्किंग कंपनीला हे काम दिले, भिंतींवर फलक लागले आणि प्रत्येक घराला एक कागदी परमिट मिळाले.

त्यानंतर आम्हाला दोन दंड झाले. पहिल्या वेळी गाडी आमच्याच १४ क्रमांकाच्या जागेत होती, परंतु परमिट काचेवरून निसटून सीटखाली पडले होते. कंपनीच्या माणसाने काचेवर नोटीस चिकटवली. दुसऱ्या वेळी नवे टेबल घरात न्यायचे होते, म्हणून [संपादित] गाडी प्रवेशद्वारापाशी सुमारे बारा मिनिटे उभी होती. ती नोटीस कॅमेऱ्यातील छायाचित्रासह टपालाने, घटनेनंतर एकोणिसाव्या दिवशी आली. गाडी पत्नीच्या नावावर असल्याने नोटीसही तिच्याच नावाने आहे. प्रत्येकी १०० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास ६० पौंड. ज्या जागेचे भाडे आम्ही दरमहा भरतो, त्याच जागेत गाडी ठेवल्याबद्दल पुन्हा पैसे मागण्याचा अधिकार या कंपनीला आहे का? की ६० पौंड भरून मोकळे व्हावे?

जुना रहिवासी

सर्वप्रथम, आपल्या प्रश्नात ‘मी गाडी लावली’ असे वाक्य होते, ते कृपया काढून टाका. (आपण ते लगेच बदललेत, हे चांगले झाले.) कारण पुढे सांगतो.

दुसरे म्हणजे, मराठीत आपण सगळ्यालाच ‘दंड’ म्हणतो आणि त्या एका शब्दानेच निम्मी भीती निर्माण होते. नगरपालिकेची ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ हा कायद्याने बसवलेला दंड असतो. आपल्याकडे आलेली ‘पार्किंग चार्ज नोटीस’ हे एका खासगी कंपनीने पाठवलेले मागणीपत्र आहे; फलकावरच्या अटी मान्य करून आपण तिच्याशी करार केलात आणि तो मोडलात, एवढेच तिचे म्हणणे आहे. दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे एकच असल्यामुळे गोंधळ होतो, आणि तो गोंधळ कंपन्यांना गैरसोयीचा वाटत असेल असे मला वाटत नाही.

आता चालकाविषयी. करार झालाच असेल तर तो गाडी उभी करणाऱ्याशी झाला, आणि ती कोणी उभी केली हे कंपनीला माहीत नसते. तिला गाडी नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएकडून फक्त कीपरचे (ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे त्याचे), म्हणजे आपल्या पत्नीचे, नाव मिळते. चालक कळत नसेल तर कीपरकडून पैसे मागण्याची मुभा ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२’च्या चौथ्या परिशिष्टाने दिली आहे, पण त्यासाठी मुदती काटेकोर पाळाव्या लागतात. काचेवर काहीही न लावता थेट टपालाने नोटीस पाठवली असेल, तर ती घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत कीपरला मिळाली पाहिजे. आपली दुसरी नोटीस एकोणिसाव्या दिवशी आली. पाकिटावरचा आणि पत्रावरचा दिनांक तपासा, कारण टपालात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ती मिळाली असे कायदा गृहीत धरतो. तरीही मुदत उलटलेली असेल, तर त्या नोटिशीपुरती पत्नीवर कीपर म्हणून जबाबदारी येत नाही.

पहिली नोटीस काचेवर लावलेली होती, त्यामुळे तिचा हिशोब वेगळा आहे. काचेवरच्या नोटिशीनंतर कीपरला टपालाने येणारी नोटीस २९व्या ते ५६व्या दिवसाच्या दरम्यान मिळावी लागते. उत्तर पत्नीच्या नावाने, ‘मी या वाहनाची नोंदणीकृत कीपर आहे’ असे लिहून द्या. चालक कोण हे सांगण्याचे बंधन या कायद्याने घातलेले नाही. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मात्र फरक आहे, म्हणून खोटे काहीही लिहू नये. हे परिशिष्ट इंग्लंड आणि वेल्सपुरतेच आहे. स्कॉटलंडमधील वाचकांनी हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

मृदुला

मुदतींचा मुद्दा योग्य आहे, परंतु माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिल्या नोटिशीबाबत खरा प्रश्न हा की, ती जागा वापरण्याचा हक्क आपल्याला फलकामुळे मिळाला की भाडेकरारामुळे. करारात जागा लिहिलेली असेल आणि परमिटची अट नसेल, तर तो हक्क आधीच आपला आहे. आपलीच जागा आपल्याला पुन्हा ‘देऊ करून’ नवा करार होऊ शकत नाही, आणि घरमालक व भाडेकरू यांच्यातला करार नंतर आलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या फलकाने बदलत नाही.

कंपन्या उत्तरात हमखास ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या निकालाचा आधार घेतात. त्या खटल्यात ८५ पौंडांचा आकार वैध ठरला हे खरे आहे. परंतु ती जागा चेम्सफर्डमधील दुकानांच्या संकुलाची होती, तेथे दोन तास फुकट पार्किंग होते, आणि गाड्या लवकर हलाव्यात यात जागेच्या मालकाचे रास्त हित होते. स्वतःच्या घराच्या जागेत राहणाऱ्याने गाडी हलवावी यात कोणाचे कोणते हित आहे, हे कंपनीला विचारावे.

टेबलाच्या प्रसंगासाठी २०१६चा ‘जॉप्सन विरुद्ध होमगार्ड’ हा ऑक्सफर्ड काउंटी कोर्टातील अपिलाचा निकाल जरूर वाचा. तेथेही रहिवाशाने सामान उतरवण्यासाठी इमारतीच्या दारापाशी गाडी थोडा वेळ उभी केली होती. सामान चढवण्या-उतरवण्यासाठी थांबणे म्हणजे ‘पार्किंग’ नव्हे, आणि लीजने (सदनिका दीर्घ मुदतीसाठी धारण करण्याच्या मूळ कराराने) दिलेला ये-जा करण्याचा हक्क नंतरच्या फलकाने कमी करता येत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. काउंटी कोर्टाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो, पण अपिलात सर्किट जज्जने दिलेला असल्याने त्याला वजन आहे.

एकदा हरलेला

मृदुलाताईंचे म्हणणे मला पटते, तरीही एक इशारा देणे आवश्यक वाटते, कारण मी हाच मुद्दा घेऊन कोर्टात गेलो आणि हरलो. माझ्या भाडेकरारातही पार्किंगची जागा लिहिलेली होती. परंतु त्याच करारात ‘भाडेकरूने मूळ लीजमधील अटींचे पालन करावे’ असे एक वाक्य होते, जे मी वाचूनही सोडून दिले होते. आणि घरमालकाच्या मूळ लीजमध्ये ‘व्यवस्थापन वेळोवेळी करील ते पार्किंगचे वाजवी नियम लीजधारकास बंधनकारक राहतील’ असे कलम होते. न्यायाधीशांनी ती दोन वाक्ये एकापुढे एक ठेवली आणि माझा हक्कच परमिटच्या अटीसह होता असा निष्कर्ष काढला. घरमालकाकडे जो हक्क नाही तो तो भाडेकरूला देऊ शकत नाही, हे मला तेव्हा समजले.

म्हणून पत्र लिहिण्याआधी मूळ लीज मिळवा. घरमालक देत नसेल तर त्याची प्रत लँड रजिस्ट्रीकडून विकत मिळते. ‘नियम’, ‘परमिट’, ‘वाहने’ हे शब्द असलेले प्रत्येक कलम वाचा. तसे कलम नसेल, तर मॅनेजिंग एजंटने केवळ पत्रक वाटून लीज बदलत नाही. १९८७च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या ३७व्या कलमाखाली नऊ किंवा अधिक लीज बदलायच्या तर संबंधितांपैकी किमान ७५ टक्क्यांची संमती आणि १० टक्क्यांहून अधिकांचा विरोध नसणे आवश्यक असते, आणि त्यानंतरही प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाते.

खर्चाचेही सांगतो, कारण लोक त्यालाच घाबरतात. माझ्यावरच्या दाव्यात १०० पौंडांखेरीज वसुलीचे म्हणून ७० पौंड, कोर्टाची ३५ पौंड फी आणि वकिलाचे ठरावीक ५० पौंड मागितले होते. त्यातले ७० न्यायाधीशांनी काढून टाकले. लहान दाव्यांत हरणाऱ्याला समोरच्याच्या वकिलाचा पूर्ण खर्च सहसा द्यावा लागत नाही. निकालाची रक्कम महिन्याच्या आत भरल्यामुळे कोर्टाच्या निकालांच्या नोंदवहीत माझे नाव राहिले नाही. भरली नसती तर ती नोंद सहा वर्षे राहिली असती.

जुना रहिवासी

वरील प्रतिसाद महत्त्वाचा आहे. त्यात एवढीच भर घालतो की, वसुली संस्थांची लाल अक्षरांतील पत्रे आणि कोर्टाचा दाव्याचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसुली संस्थेला घरी येऊन काही जप्त करण्याचा अधिकार नसतो. ‘दाव्यापूर्वीचे पत्र’ आले तर मात्र ३० दिवसांत उत्तर द्या, आणि कोर्टाचा अर्ज आला तर १४ दिवसांत पोच द्या, म्हणजे बचाव मांडण्यासाठी अर्ज मिळाल्यापासून एकूण २८ दिवस मिळतात. दुर्लक्ष केल्यास तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल लागतो. घर बदलल्यास डीव्हीएलएकडे नवा पत्ता तत्काळ कळवा. जुन्या पत्त्यावर गेलेल्या कागदांमुळे कितीतरी लोकांविरुद्ध असे निकाल लागलेले आहेत.

नवखा भाडेकरू

सर्वांचे आभार. लीज मिळाली. ‘जागा क्रमांक १४ केवळ खासगी मोटारगाडी उभी करण्यासाठी वापरण्याचा अनन्य हक्क’ असे शब्द आहेत, आणि नियम करण्याचे कलम जिने, कचरा व बाग यांपुरते आहे. पार्किंगचा किंवा परमिटचा उल्लेख कोठेही नाही. भाडेकरार आणि लीजची ती दोन पाने जोडून मॅनेजिंग एजंटला लिहिले, तेव्हा त्यांनी टेबलाची नोटीस कंपनीला सांगून रद्द करवली. पहिल्या नोटिशीवर पत्नीने केलेले अपील कंपनीने दोन ओळींत फेटाळले आणि पॉपलाचा (खासगी पार्किंग नोटिशींवरील स्वतंत्र अपील सेवेचा) संकेतांक पाठवला. आता पॉपलाकडे जाण्यात काही धोका आहे का?

मृदुला

धोका नाही. पॉपला वाहनधारकासाठी विनामूल्य आहे, २८ दिवसांची मुदत आहे, आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तेथे हरलात तरी कोर्टात हेच मुद्दे पुन्हा मांडता येतात. लीजचे ते वाक्य अगदी वर लिहा, परमिट सीटखाली पडले होते हा खुलासा शेवटी ठेवा किंवा गाळून टाका, कारण परमिट लावण्याचे बंधनच आपल्यावर नव्हते हे आपले म्हणणे आहे. आणि जागेच्या मालकाशी कंपनीने केलेल्या कराराची प्रत दाखवण्याची मागणी करा. भाडेकराराची पाने जोडताना भाड्याची रक्कम आणि सह्या झाकायला विसरू नका.