संसदेने मंजूर केलेली, पण तारीख न मिळालेली दुरुस्ती

उंबरठा (धागाकर्ता)

राज्यघटनेच्या सरकारी प्रतीत कलम २२ काढून पाहिले, तर पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक टीप आढळते. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे कलम ३ अमलात आल्यावर वरील मजकूर बदलेल, अशा आशयाची ती टीप आहे. ही दुरुस्ती संसदेने १९७८ मध्ये संमत केली, तिला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आणि तिच्यातील बहुतेक तरतुदी १९७९ मध्ये लागूही झाल्या. कलम ३ ची तारीख केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायची होती. ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही.

विषय प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवण्याचा आहे. कलम २२ च्या पहिल्या दोन खंडांनी अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण कळण्याचा, वकील गाठण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क दिला. तिसऱ्या खंडाने सांगितले की स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्याला यांतले काहीच मिळणार नाही. गुन्ह्याच्या आरोपावरून धरलेल्याला हे हक्क आहेत आणि तो पुढे काहीतरी करील या अंदाजावर ज्याला धरले त्याला नाहीत. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच ही तरतूद बसवलेली आहे, हे विद्यार्थिदशेत पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती.

संविधान सभेत १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी हे कलम मांडले, त्यामागे एक पार्श्वभूमी होती. आजच्या कलम २१ मधून अमेरिकी धर्तीचा ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची रास्त प्रक्रिया) हा शब्दप्रयोग वगळला गेल्याने सभासदांत नाराजी होती आणि तिची काही अंशी भरपाई म्हणून हे संरक्षण आणले गेले. स्थानबद्धता राहणारच असेल, तर तिला निदान मर्यादा असाव्यात, असा तो विचार होता. बक्षी टेकचंद यांच्यासारख्या सभासदांचे त्याने समाधान झाले नाही.

मुख्य मर्यादा अशी की तीन महिन्यांहून अधिक काळ डांबायचे, तर पुरेसे कारण असल्याचे मत सल्लागार मंडळाने द्यावे लागते. मंडळाचे सदस्य उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असावेत, किंवा तसे नेमले जाण्यास पात्र असावेत. यातला ‘पात्र’ हा शब्द पाहा. उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेली व्यक्तीही पात्र ठरते आणि राज्यघटनेच्या आजच्या मजकुरात तिची निवड सरकारने करण्याला आडकाठी नाही. लागू न झालेले कलम ३ तीन महिन्यांचे दोन महिने करते, मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार नेमायला सांगते, अध्यक्ष सेवेतील न्यायाधीशच असावा आणि बाकीचे सदस्य आजी-माजी न्यायाधीशच असावेत असे बंधन घालते, शिवाय मंडळाला वगळून अधिक काळ डांबू देणारा कायदा करण्याचा संसदेचा अधिकारही काढून घेते.

आणीबाणीत मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली तुरुंगवास भोगून आलेल्या नेत्यांच्या सरकारने ही दुरुस्ती आणली. बाकीच्या तरतुदींना तारखा मिळाल्या आणि हिला मिळाली नाही. पुढच्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने ती दिली नाही. नागरिकाचा हक्क ज्या सरकारविरुद्ध वापरायचा, तो कधी सुरू होणार हे ठरवण्याचे काम त्याच सरकारकडे सोपवणे मला गैर वाटते. इतरांचे मत वाचायला आवडेल, विशेषतः विरोधी.

जुना पट्टा

मी पोलीस खात्यात तीस वर्षे काढली आणि स्थानबद्धतेचे बरेच प्रस्ताव स्वतः तयार केले, तेव्हा विरोधी मत माझ्याकडून घ्या. धागा अभ्यासपूर्ण आहे, पण हा कायदा ज्याच्यावर लावला जातो तो माणूस त्यात कुठे दिसत नाही.

महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती, वाळू तस्कर अशी त्याच्या नावातच यादी असून ती वेळोवेळी वाढत गेली आहे. सगळे त्याला एमपीडीए म्हणतात. ज्याच्यावर खंडणी, मारहाण, शस्त्र बाळगणे असे सात-आठ गुन्हे आहेत, प्रत्येकात जो जामिनावर बाहेर आहे आणि ज्याच्याविरुद्ध हातगाडीवाला ठाण्यात येऊन रडतो पण कोर्टात साक्ष द्यायला धजत नाही, अशा माणसाचे काय करायचे, याला त्या कायद्याने उत्तर दिले. दोन गोपनीय जबाब घेतले जातात. कागदावर नाव नसते, ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ एवढेच असते. वरिष्ठ अधिकारी त्या साक्षीदाराला स्वतः भेटतो, खात्री करतो आणि तसा शेरा मारून सही करतो. आयुक्तांचा आदेश निघाल्यावर बारा दिवसांत राज्य सरकारची मान्यता आली नाही, तर आदेश आपोआप संपतो. कारणे पाच दिवसांत द्यावी लागतात, तीही त्याला समजेल अशा भाषेत, आणि सोबतच्या गठ्ठ्यातले एखादे महत्त्वाचे पान वाचता येत नसेल तर आदेश कोर्टात टिकत नाही. मनमानीच करायची असेल, तर एवढा कागद कोण काढील?

मुदत कमी केली, तर ही प्रक्रिया घाईने होईल आणि घाईत चुका वाढतील. शिवाय उच्च न्यायालयांत न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या असताना सेवेतील न्यायाधीश या मंडळांवर बसवणे व्यवहार्य नाही. तारीख न देण्यामागे प्रत्येक सरकारला डाव रचायचा होता असे मानण्यापेक्षा, प्रत्येक सरकारला तीच अडचण दिसली असे मानणे मला अधिक सरळ वाटते.

मागची गल्ली

मला कायद्यातले कळत नाही, पण वरच्या प्रतिसादातला ‘साक्षीदार ब’ कोण असतो हे ठाऊक आहे, कारण असा एक जबाब मी दिलेला आहे. कुठे आणि कधी ते सांगणार नाही. गुत्त्यापुढून मुलीला शाळेत न्यावे लागे आणि तक्रार करणाऱ्याच्या दारात रात्री कोण येऊन उभे राहते हे आम्ही पाहिले होते. माणूस वर्षभर आत गेला. त्या वर्षात आम्ही संध्याकाळी दार उघडे ठेवले. धागाकर्त्यांनी हक्क हा शब्द वापरला आहे, तर दार उघडे ठेवून बसणे हाही एक हक्कच आहे, आणि तो आम्हाला कोणत्याही खटल्याने मिळवून दिला नव्हता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. तो परत आला तेव्हा त्याच्यावरचे जुने खटले होते तिथेच होते. एकही पुढे सरकला नव्हता.

कलमदान

व्यवसायाने वकील असल्याने दोन्ही बाजूंचे गठ्ठे पाहिले आहेत. ‘मागची गल्ली’ यांच्या शेवटच्या तीन वाक्यांत या कायद्याचा सगळा दोष आला आहे. माणूस वर्षभर सरकारच्या ताब्यात होता, पळून जाण्याची किंवा साक्षीदाराला धमकावण्याची भीती नव्हती, तरी खटला चालवला गेला नाही, कारण तो चालवण्याची निकडच उरली नव्हती.

‘जुना पट्टा’ यांचा मुदतीचा मुद्दा तपासून पाहू. एमपीडीएनुसार प्रकरण तीन आठवड्यांत मंडळाकडे जावे लागते आणि मंडळाचा अहवाल स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत यावा लागतो. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातही हेच आहे. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस. घटनेतली मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली, तरी पोलिसांचा एक दिवसही कमी होत नाही. १९७४ च्या कॉफेपोसा कायद्यात, म्हणजे परकीय चलन आणि तस्करीच्या प्रकरणांत, अहवालाला अकरा आठवडे दिलेले आहेत, तेवढा मात्र बदलावा लागेल. म्हणजे अडचण दिवसांची नाही. मंडळावर कोण बसणार आणि त्याला कोण निवडणार, खरी अडचण तिथे आहे.

दुसरे असे की हा कायदा गुंडासाठी आहे हे खरे, पण एखादा माणूस या कायद्यातला गुंड आहे की नाही हे ठरवण्याची कसोटी फार नाजूक आहे. राममनोहर लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली डांबले होते, तेव्हा १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्या निकालात एकात एक तीन वर्तुळांची उपमा दिली. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांचे भांडण पहिल्या वर्तुळात येते, ते दुसऱ्यात येईलच असे नाही. मी पाहिलेल्या कित्येक आदेशांत पहिल्या वर्तुळातली मारामारी दुसऱ्यात ढकललेली होती आणि त्यासाठी परिसरात दहशत पसरली, दुकाने बंद झाली, लोक सैरावैरा पळाले, ही तीच वाक्ये वेगवेगळ्या ठाण्यांच्या गोपनीय जबाबांत स्वल्पविरामासकट आढळली. न्यायालये असे आदेश रद्द करतात, पण याचिकेची सुनावणी होईपर्यंत माणूस सात-आठ महिने आत असतो, आणि बारा महिन्यांच्या आदेशातले ते महिने कोणी परत देत नाही.

रुजुवात

मी धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला विरोध करतो, पण पोलिसांच्या बाजूने नव्हे. तारीख ठरवण्याचा अधिकार सरकारने बळकावलेला नाही. संसदेनेच तो दुरुस्तीच्या मजकुरात सरकारला दिला, वेगवेगळ्या तरतुदींना वेगवेगळ्या तारखा देण्याची मुभाही दिली आणि शेवटची मुदत घातली नाही. धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना डांबल्यानंतर त्यांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९८१ मध्ये घटनापीठाने बहुमताने सांगितले की अधिसूचना काढा, असा आदेश न्यायालय सरकारला देऊ शकत नाही. माझ्या मते ते बरोबर होते. संसदेला हवे असेल, तर ती आजही एका ओळीचा कायदा करून तारीख घालू शकते. इतक्या लोकसभा आल्या आणि गेल्या, कोणालाच ते करावेसे वाटले नाही, तेव्हा दोष द्यायचा तर निवडून देणाऱ्यांनाही द्या.

आणि न्यायाधीश मंडळावर आले की हक्क सुरक्षित झाले, हा भाबडेपणा आहे. आणीबाणीतला, २८ एप्रिल १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकाल आठवा. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागता येते असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी येत नाही असे ठरवले. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे राहिले आणि पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केले गेले. ते चौघे ‘पात्र’ वकील नव्हते, देशातले ज्येष्ठ न्यायमूर्ती होते.

उंबरठा (धागाकर्ता)

‘रुजुवात’ यांचा जबलपूरचा दाखला बिनतोड आहे, पण त्याच्या पुढची गोष्टही सांगायला हवी. त्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. रॉय खटल्यात बहुमताचा निकालही सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच लिहिला, मात्र तेथे या मुद्द्यावर पीठात एकमत नव्हते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल मोडीत काढला आणि तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. पण १९७८ मध्ये संसदेने हे चाळीस वर्षांनी कोणी दुरुस्त करील याची वाट पाहिली नव्हती. आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद तिने याच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत केली. त्या तरतुदीला तारीख मिळाली, म्हणून ती आज आपल्याला आधार देते. हक्क मजकुरात असला तरी न्यायाधीश डळमळू शकतात हे मान्य. मजकुरातच नसला, तर खन्नांसारख्यालाही फार थोडे बोलता येते.

संसदेने दिलेला अधिकार सरकारने वापरला नाही हे मला समजते. मात्र तारीख ‘ठरवण्या’चा अधिकार म्हणजे ती कधीच न ठरवण्याचा अधिकार, असा त्याचा अर्थ लावायला माझी तयारी नाही. ‘मागची गल्ली’ यांना माझ्याकडे नीट उत्तर नाही. त्यांचे वर्ष मी नाकारत नाही.

जुना पट्टा

४९ दिवसांचा हिशेब बरोबर आहे. मुदतीचा मुद्दा मी मागे घेतो, न्यायाधीशांच्या संख्येचा घेत नाही.

‘कलमदान’ यांनी एक गोष्ट लिहिली नाही, ती मीच लिहितो. मंडळापुढे स्थानबद्धाला वकील देता येत नाही. रॉय खटल्यात म्हटले आहे की सरकारने वकील आणला, किंवा सरकारी अधिकाऱ्याने मंडळापुढे वकिलासारखी मदत केली, तर त्यालाही वकील आणू द्यावा. आम्ही कधीच वकील नेला नाही, आणि अधिकाऱ्याच्या मदतीचा प्रश्न कोणी काढला नाही. फाइल मी तयार केलेली असे आणि मंडळाने विचारले की कोणता कागद कशासाठी लावला आहे, हे मीच उलगडून सांगत असे. समोरच्या माणसाला विचारले जाई, तुला काही सांगायचे आहे का. बहुतेक जण म्हणत, साहेब, मी काही केलेले नाही. त्यापुढे त्यांना काय बोलायचे ते ठाऊक नसे.