वकिलीसाठी शहर कसे निवडले? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ:
१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ) सुरू झाले आणि सांगलीतली माझी उमेदवारी आठवली. अपील करायचे ठरले की सीनियर निकालाची नक्कल देऊन मला रात्रीच्या गाडीने मुंबईला धाडत. तिथल्या वकिलांकडे कागद सोपवले की त्या प्रकरणातले आमचे काम जवळजवळ संपे, आणि पुढे पक्षकारही त्यांचाच होई. जिल्ह्यात राहायचे तर उच्च न्यायालय विसरायचे, हे गृहीत धरूनच आम्ही गाव निवडले. या बेंचखालच्या सहा जिल्ह्यांपुरता तो हिशेब आता बदलला आहे. आपण आपले शहर कशावरून निवडले, ते अवश्य लिहावे.

फोर्टवासी:
मी मुंबईत राहिलो तो ओरिजिनल साइडसाठी. राज्यात मोठ्या रकमेचा दिवाणी दावा थेट उच्च न्यायालयात दाखल होतो तो इथेच. शिवाय रोखे अपील न्यायाधिकरणही (सेबीच्या आदेशांवरची अपिले ऐकणारे) इथेच आहे. मात्र सुरुवातीला ब्रीफ (प्रकरणाची कागदपत्रे) वाचायला रग्गड मिळाली आणि उभे राहून बोलायला मिळाले ते तारीख मागण्यापुरतेच.

बांधावरचा वकील:
आमच्या तालुक्यात याच्या अगदी उलट. सनद मिळाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी उलटतपास घेतला. दावा बांधाचा होता. सरतपासाच्या (साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या जबाबाच्या) प्रतिज्ञापत्रात चतुःसीमा बिनचूक टंकलेल्या होत्या, पण पिंजऱ्यात उभ्या साक्षीदाराने ओढा पूर्वेऐवजी पश्चिमेला नेऊन ठेवला. मोठ्या शहरात ती संधी माझ्या सीनियरलाच मिळाली असती.

ऑरेंजसिटी:
फोर्टवासी, न्यायमूर्ती आधीच वैतागलेले असताना तारीख मिळवणे ही लहानसहान विद्या नव्हे!

मराठवाड्याची लेक:
माझ्या घरात आधी कोणीच वकील नव्हते, त्यामुळे मी आधी सीनियर निवडले आणि शहर त्यांच्यामागून आले. ते औरंगाबाद खंडपीठात भूसंपादनाच्या मोबदल्याची अपिले चालवत. खालच्या न्यायालयातले जबाब मराठीत असतात आणि खंडपीठापुढे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते काम कोणालाच नको असे, म्हणून ते माझ्याकडे आले. पण विहीर, पाइपलाइन, मोसंबीची झाडे यांचा पुरावा कसा मांडतात आणि कुठे कच्चा राहतो, हे मला त्या जबाबांतूनच कळले. शहराच्या नावावर भाळण्यापेक्षा तिथे आपल्याला कागद कोण हाताळू देणार, हे आधी विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी सनद:
मी साताऱ्याचा आहे. साताऱ्यात राहून कोल्हापूरचे काम सांभाळता येईल का?

कृष्णाकाठ:
सकाळी निघून पोहोचता येते. अडचण बोर्डाची, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीची आहे. कोल्हापुरात प्रकरण दुपारनंतर पुकारले गेले आणि त्याच दिवशी साताऱ्यात पुरावा लागला असेल, तर एका ठिकाणी दुसऱ्याला उभे करावे लागते. आधी असा विश्वासू सहकारी शोधा. आपल्या सीनियरांकडे मुख्यतः दिवाणी काम आहे की फौजदारी?